विझार्ड्री (1981): खाली उतरायचं कसं आणि जिवंत वर यायचं कसं

विझार्ड्री या भुयारात उतरायच्या संगणक-खेळात पार्टी, म्हणजे आपली सहा जणांची टोळी, बहुतेक एकाच प्रकारे संपते. नुकतीच एक लढाई जिंकलेली असते. मेजकडे, म्हणजे जादूगाराकडे, एक मंत्र उरलेला असतो, पुढचे दोन फायटर (लढवय्ये) अर्ध्यावर आलेले असतात आणि समोर एक न उघडलेलं दार असतं. "एवढं एक बघू आणि मग परतू" असं म्हणून आपण ते दार उघडतो. पलीकडे सात जणांचा घोळका असतो, मेज पहिल्याच फेरीत पडतो आणि पाच मिनिटांत सहाही जण गेलेले असतात. माझी पहिली पार्टी अशीच गेली, दुसरीही. तिसऱ्या पार्टीच्या वेळी मी ते दार न उघडता मागे फिरलो आणि तिथून हा खेळ मला खेळता येऊ लागला.

ज्याला विझार्ड्री पहिल्यांदा आणि शेवटपर्यंत खेळायची आहे त्याच्यासाठी हा लेख आहे. कोडी पूर्ण फोडणार नाही, पण कुठे जायचं, कधी जायचं आणि मुख्य म्हणजे कधी परतायचं ते सविस्तर सांगतो.

आधी थोडी ओळख. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड हे कॉर्नेल विद्यापीठातले दोन विद्यार्थी. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक-जाळ्यावर तेव्हा भुयारांचे खेळ चालायचे. त्यांचा अनुभव घरच्या ॲपल टू संगणकावर आणण्यासाठी दोघांनी हा खेळ पास्कल भाषेत लिहिला आणि 1981 मध्ये सर-टेक या कंपनीने तो बाजारात आणला. पूर्ण नाव 'विझार्ड्री: प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड'. ट्रेबॉर नावाच्या वेड्या राजाचं ताईत वेर्डना नावाच्या जादूगाराने चोरून दहाव्या मजल्यावर नेलंय, ते परत आणायचं, एवढीच गोष्ट. 'वेर्डना' उलटं वाचलं की अँड्र्यू होतं, 'ट्रेबॉर' उलटं वाचलं की रॉबर्ट. पुढे हा खेळ जपानात इतका रुजला की तिथल्या रोल-प्लेइंग खेळांची अख्खी परंपरा त्याच्याकडे बोट दाखवते.

आज खेळायचा तर डिजिटल एक्लिप्सने 2024 मध्ये आणलेली नवी आवृत्ती घ्या. ती पीसीवर आहे आणि कन्सोलवरही आहे. आत जुन्या ॲपल टूचाच हिशेब चालतो, हवं असेल तर मूळ पडदा कोपऱ्यात दिसत राहतो. जुन्या कडक नियमांना मऊ करणाऱ्या सोयी सेटिंगमधून चालू-बंद करता येतात. खाली मी मूळ खेळाचे नियम आणि भाव गृहीत धरलेत.

आधी वही आणि पेन्सिल

शाळेत भूमितीसाठी घ्यायचो तो ग्राफ पेपर आणा. भुयारात दहा मजले आहेत आणि प्रत्येक मजला 20 बाय 20 चौकोनांचा आहे, म्हणजे एका मजल्याला एक पान पुरतं. खालचा डावा कोपरा 0 पूर्व, 0 उत्तर. तिथून उजवीकडे 19 पर्यंत आणि वर 19 पर्यंत आकडे टाका. तुम्ही पहिल्या मजल्यावर उतरता ते याच कोपऱ्यात, तोंड उत्तरेला. वर जाण्याचा जिनाही तिथेच.

भिंतीला जाड रेघ, दाराला छोटी आडवी खूण, गुप्त दाराला 'गु', खड्ड्याला फुली. चिन्हं कोणतीही ठेवा, पण प्रत्येक पावलानंतर पेन्सिल टेकवा, दहा पावलं चालून मग आठवून काढू नका. या भुयारात असे चौकोन आहेत जे तुम्हाला न सांगता गर्रकन फिरवतात. पडद्यावर तोच बोळ दिसतो, पण तोंड उत्तरेऐवजी पश्चिमेला असतं. तिसरा मजला या कारणाने बदनाम आहे. शिवाय क्षणात दुसरीकडे नेऊन टाकणारे अदृश्य टेलिपोर्टर आहेत, आणि प्रकाशाचा मंत्रही चालत नाही असे काळोखाचे पट्टे आहेत.

यावर उपाय म्हणजे मेजचा पहिल्या पातळीचा ड्युमॅपिक हा मंत्र. जिन्यापासून तुम्ही किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खोल आहात आणि तोंड कुठे आहे ते तो नेमकं सांगतो. नकाशा जुळेनासा झाला की लगेच ड्युमॅपिक टाका, अंदाजाने पुढे जाऊ नका. नव्या आवृत्तीत नकाशाची सोय मिळते, तरी पहिले दोन मजले हाताने काढाच. कोणती खोली कुठे आहे हे हाताला आठवू लागतं, आणि घाईत पळताना तेच कामी येतं.

पार्टी बांधताना

सहा जण न्यायचे. पुढचे तिघेच तलवार चालवू शकतात आणि शत्रूचे वारही त्यांच्यावरच येतात. मागचे तिघे मंत्र टाकतात, पेट्या उघडतात. पहिल्या खेपेला तीन फायटर, एक थीफ (चोर), एक प्रीस्ट (पुजारी) आणि एक मेज घ्या. यापेक्षा हुशार रचना आहेत, पण नवख्याला इतकं सांभाळून घेणारी दुसरी नाही.

पात्र तयार करताना वंश निवडला की सहा गुणांचे मूळ आकडे मिळतात आणि वर वाटायला काही जादा गुण मिळतात. हे बहुतेक वेळा 7 ते 10 असतात, क्वचित 17 च्या पुढे जातात. ड्वार्फची ताकद आणि प्राणबळ मुळातच 10, म्हणून फायटर ड्वार्फ करा. फायटर व्हायला ताकद 11 लागते, तिथे एक गुण गेला की उरलेले प्राणबळावर टाका. एल्फची बुद्धी 10, म्हणून मेज एल्फ. मेजला उरलेले गुण चपळाईत आणि प्राणबळात द्या. त्याला सुरुवातीला तीन-चार हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) असतात, शत्रूच्या आधी त्याचा मंत्र सुटणं हेच त्याचं चिलखत. प्रीस्टसाठी नोम किंवा ड्वार्फ, थीफसाठी हॉबिट. हॉबिटची चपळाई 10 आणि नशीब 15, पेट्यांवर दोन्ही उपयोगी.

18 किंवा जास्त गुण पडले तर मात्र थांबा आणि हिशेब करा. सामुराईला ताकद 15, बुद्धी 11, श्रद्धा 10, प्राणबळ 14, चपळाई 10 लागते. ड्वार्फला त्यासाठी 5, 4, 0, 4 आणि 5 असे बरोबर 18 गुण लागतात. असा आकडा आला तर एका फायटरच्या जागी सामुराई घ्या. तो पुढे मेजचे मंत्रही शिकतो. पण त्यासाठी दोन तास नुसती पात्रं पाडत बसू नका, साध्या फायटरवर खेळ जिंकता येतो.

वृत्ती निवडताना लोक चुकतात. गुड आणि ईव्हिल एका पार्टीत येत नाहीत, न्यूट्रल दोघांबरोबर चालतो. भुयारात कधी कधी शत्रू मैत्रीने सामोरे येतात. त्यांच्यावर हल्ला केला तर गुड पात्र ईव्हिल होऊ शकतं आणि मग गावातल्या गुत्त्यात, जिथे पार्टी जुळवतात तिथे, परतल्यावर पार्टी जुळेनाशी होते. न्यूट्रलची वृत्ती बदलत नाही. म्हणून फायटर, मेज, थीफ सगळे न्यूट्रल ठेवा. प्रीस्टला न्यूट्रल चालत नाही, त्याला गुड करा.

सातवं पात्रही आत्ताच करून ठेवा: एक एल्फ बिशप, गुड. बिशपला बुद्धी 12 आणि श्रद्धा 12 लागते. एल्फला दोन्ही 10 असतात, म्हणजे चार गुणांत काम होतं. याला भुयारात न्यायचंच नाही. तो गिल्गामेशच्या गुत्त्यात बसून तुम्ही आणलेल्या अनोळखी वस्तू ओळखणार. बोल्टॅकचा दुकानदार वस्तू ओळखून द्यायला तेवढेच पैसे घेतो जेवढ्याला ती तो तुमच्याकडून विकत घेईल, म्हणजे विकायच्या वस्तूवर हाती शून्य. बिशप हेच काम फुकट करतो. कधीतरी शापित वस्तू त्याच्या अंगाला चिकटते, पण तो गावातच असल्यामुळे जीव जात नाही.

पहिला बाजार

नव्या पात्राकडे साधारण 90 ते 190 सोन्याची नाणी असतात. सहा जणांचे मिळून आठशेच्या आसपास होतात. सगळे एकाकडे गोळा करा आणि दुकानात जा.

तीन फायटरना प्रत्येकी लांब तलवार 25, साखळी चिलखत 90, मोठी ढाल 40. एकाचे 155, तिघांचे 465. थीफ आणि प्रीस्टला चामड्याचं चिलखत 50 आणि छोटी ढाल 20. मेजला झगा, 15. इथे 620 झाले. मागच्या रांगेला शस्त्र घेऊ नका, तिथून वार पोचत नाही. उरलेल्या दोनशेत पहिल्या दोन फायटरना शिरस्त्राणं घ्या, एकेक 100 ला. पैसे कमी पडले तर शिरस्त्राण सोडा, ढाल सोडू नका.

चिलखताचा आकडा 10 पासून खाली उतरतो, जितका कमी तितकं चांगलं. पुढची खरेदी 200 ची ब्रेस्ट प्लेट, मग 750 ची प्लेट मेल. तलवारीवर पैसे घालवण्याची घाई कुणीही करू नये. चांगली शस्त्रं पेट्यांमध्येच मिळतात.

पहिली उतरण

पहिल्या दिवशी जिन्याजवळच्या एक-दोन खोल्यांपलीकडे जायचं नाही. एक लढाई करायची आणि वर यायचं. ऐकायला भित्रेपणा वाटेल, पण पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अजून एकही बढती न मिळालेल्या, पार्टीत मेज दोनदा आणि प्रीस्ट दोनदा मंत्र टाकतो, त्यापलीकडे काही नाही.

लढाई अशी चालते. दार लाथेने उघडलं की समोर 'छोटी माणसं' किंवा 'सांगाडे' असं मोघम नाव दिसतं, ओळख पटल्यावर ते कोबोल्ड किंवा अनडेड कोबोल्ड ठरतात. समजा पाच कोबोल्ड आहेत. मेजने कॅटिनो टाकायचा, हॅलिटो नाही. हॅलिटोची आग एकाच शत्रूला लागते, कॅटिनो अख्ख्या गटाला झोपवतो. पाचपैकी तीन-चार आडवे झाले की फायटर निवांत कापतात, झोपलेल्यावर वार सहज बसतो. दोन गट समोर असतील तर मोठ्या गटाला झोपवा आणि तिन्ही फायटरनी छोट्या गटावर तुटून पडा. थीफ आणि प्रीस्टने 'पॅरी' म्हणजे बचाव धरायचा. शत्रूंत झगेवाला माणूस दिसला तर तो मेज असतो. तो तुमच्यावर कॅटिनो टाकण्याआधी त्याला पाडा.

वर आलात की सरायीत जा. यातली एक युक्ती सगळ्या खेळभर पैसे वाचवते. सरायीतल्या साध्या खाटेला आठवड्याला 10 नाणी पडतात, राजेशाही खोलीला 500, आणि आठवडे गेले की पात्रांचं वय वाढतं. तबेला मात्र फुकट. तिथे झोपून हिट पॉइंट भरत नाहीत, पण मंत्र पूर्ण भरतात आणि वयही वाढत नाही. म्हणून प्रीस्टला तबेल्यात झोपवा, पार्टी घेऊन भुयाराच्या तोंडाशी उतरा, तिथेच तळ टाकून डायोसने जखमी माणसं बरी करा, एकही पाऊल न टाकता वर या, पुन्हा तबेला. चार-पाच खेपांत सगळे ठणठणीत. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे. प्रीस्ट वाढत गेला की खेपा कमी होतात.

लेव्हलही सरायीत झोपल्यावरच वाढते, तबेल्यातसुद्धा. दुसरी लेव्हल साधारण हजार एक्सपीला (लढून मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांना) येते. प्रत्येक वेळी हिट पॉइंट नव्याने काढले जातात, किमान एकाने तरी वाढतात. गुण मात्र कधी वाढतात, कधी घटतात. एखादी घट पाहून पात्र टाकून देऊ नका.

विषबाधा झाली तर घाबरू नका, फक्त पावलं मोजा. चालताना हिट पॉइंट गळत राहतात, पण किल्ल्यात, म्हणजे वर गावात, पोचलं की विष आपोआप उतरतं. लकव्याला मात्र देवळात पैसे मोजावे लागतात, निदान प्रीस्ट पाचव्या लेव्हलला पोचून डायल्को शिकेपर्यंत.

पेटी उघडण्याची कला

खोलीतल्या रखवालदारांना मारलं की पेटी मिळते, आणि पेटीला सापळा असतो. विषारी सुई, गॅस बॉम्ब, क्रॉसबोचा बाण, फुटणारी पेटी, फक्त मेजला किंवा फक्त प्रीस्टला गाठणारा सापळा, अलार्म, टेलिपोर्टर. थीफ तपासतो आणि नाव सांगतो. ते नाव चूक असू शकतं. मग सापळा निकामी करायचा तर मूळ खेळात ते नाव अक्षर न चुकता टाइप करावं लागायचं. खोटं नाव टाइप केलं की सापळा उडण्याची शक्यता वाढते.

प्रीस्ट तिसऱ्या लेव्हलला काल्फो शिकतो. तो जवळपास नेहमी बरोबर सांगतो, 100 पैकी 95 वेळा. पद्धत अशी ठेवा: आधी थीफने तपासायचं, मग काल्फो. दोघांचं नाव जुळलं तर निकामी करा. थीफ म्हणाला 'विषारी सुई' आणि काल्फो म्हणाला 'टेलिपोर्टर', तर काल्फोचं ऐका आणि पेटीला हात लावू नका. टेलिपोर्टर उडाला तर पार्टी मजल्यावर कुठेही जाऊन पडते, नकाशा नसलेल्या कोपऱ्यातही. गॅस बॉम्ब सगळ्यांना विष देतो. परतीची वाट वीस पावलांपेक्षा लांब असेल तर तो धोका घेऊ नका. पेटी सोडून जाणं हा हुशार खेळाडूचा निर्णय असतो. पेट्या पुन्हा मिळतात.

प्रत्येकाला आठच वस्तू बाळगता येतात. अंगावर घातलेल्या वस्तूच जागा अडवत असतील तर नव्या कुठे ठेवणार? म्हणून थीफ आणि मेज जवळजवळ रिकामे ठेवा.

मर्फीचं भूत

पाचव्या लेव्हलपर्यंत पहिल्या मजल्यावरच राहा. प्रीस्टला मिल्वा असेल तर तो टाका, तिसऱ्या पातळीचा लोमिल्वा मिळाला की तोच वापरा. प्रकाशात लांबचं दिसतं आणि गुप्त दारं उघडी पडतात. दोन किल्ल्या याच मजल्यावर आहेत, एक कांस्याची, एक चांदीची. दोन्ही शोधा, पुढे दुसऱ्या मजल्यावर त्या लागतात.

याच मजल्यावर एका कोनाड्यात पुतळा आहे. त्याच्यासमोर गेलं की 'शोधायचं का?' असं विचारलं जातं. होय म्हटलं की मर्फीचं भूत येतं, कधी एक, कधी दोन. त्याच्या अंगावर हिट पॉइंट भरपूर, पण त्याचा मार लेचापेचा. एका भुताचे 4450 एक्सपी, सहा जणांत वाटले तरी डोईला सातशेच्या वर. बाहेर येऊन पुन्हा आत जा, पुन्हा शोधा, ते पुन्हा येतं. फायटरचं चिलखत बरं झालं की, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या लेव्हलपासून, हे शक्य होतं. मंत्र वाया घालवू नका, तलवारीनेच मारा आणि प्रीस्टचे सगळे डायोस परतीसाठी राखून ठेवा.

काहींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. 1981 पासून प्रत्येक पिढीने इथेच आपली माणसं घडवलीत. भुताजवळ जातानाच्या वाटेवर इतर शत्रू भेटतात आणि तीच खरी परीक्षा असते. आठव्या लेव्हलच्या आसपास पोचलात की हा कोनाडा सोडा.

दोन ते चार

दुसऱ्या मजल्यावर त्या किल्ल्यांनी वाटा उघडतात. तिथून अस्वलाची मूर्ती आणायची, ती चौथ्या मजल्यावर लागते. तिसऱ्या मजल्यावर फिरणारे चौकोन आणि खड्डे यांपलीकडे शेवटाला आवश्यक असं काही नाही. नकाशाची हौस असेल तर जा, नाहीतर टाळा. पहिल्या मजल्यावर काळोखाच्या पट्ट्यापलीकडे लिफ्ट आहे, ती पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नेते.

या टप्प्यावर शत्रूचा पोत बदलतो. मान उडवणारे येतात. हिट पॉइंट कितीही असले तरी एका वारात पात्र मरतं. लकवा देणारे येतात. श्वासाने अख्ख्या पार्टीला भाजणारे येतात. म्हणून मेज पाचव्या लेव्हलला येऊन माहालिटो शिकल्याशिवाय दुसऱ्या मजल्याखाली जाऊ नका. तो अख्ख्या गटाला जाळतो. प्रीस्ट सातव्याला मॅपॉर्फिक शिकला की दर मोहिमेच्या सुरुवातीला तोच टाका. सगळ्यांचं चिलखत दोनने सुधारतं आणि वर येईपर्यंत टिकतं.

मेलेलं माणूस देवळात परत आणता येतं, पण खात्रीने नाही. कँटच्या देवळात मृताचा दर लेव्हलला 250 असतो. आठव्या लेव्हलच्या फायटरला 2000. प्रयत्न फसला की राख होते, राखेचा दर दुप्पट, आणि तोही फसला की पात्र कायमचं जातं, नाव यादीतून पुसलं जातं. प्राणबळ जितकं जास्त तितकी आशा जास्त. सुरुवातीला गुण प्राणबळावर टाका म्हटलं ते यासाठी.

अख्खी पार्टी मेली तर प्रेतं मेली तिथेच पडून राहतात. ती आणायला दुसरी पार्टी लागते, आणि सहाचीच मर्यादा असल्यामुळे तीन जण गेले तरच तीन प्रेतं आणता येतात. यादीत एकूण 20 पात्रं मावतात, म्हणून मुख्य पार्टी सहाव्या लेव्हलला आली की दुसरी राखीव पार्टी पहिल्या मजल्यावर वाढवायला घ्या. कुठे मेलात ते कळण्यासाठीही वही हवी. शेवटचा ड्युमॅपिक समासात लिहून ठेवायची सवय मला याच कारणाने लागली.

चौथ्या मजल्यावरचं 'मॉन्स्टर ॲलोकेशन सेंटर' ही खरी चाळणी. अस्वलाची मूर्ती तिथवरची वाट मोकळी करते. आत ठरलेली लढाई आहे: वरच्या लेव्हलचे फायटर, मेज, एक हाय प्रीस्ट आणि एक निंजा. आठव्या-नवव्या लेव्हलला जा, सगळे मंत्र भरून जा, वाटेत लढाया टाळून जा. पहिल्या फेरीत मेजने शत्रूच्या मेजवर गटाचा मंत्र टाकायचा, प्रीस्टने माँटिनोने हाय प्रीस्टचं तोंड बांधायचं, फायटरनी तिघांनी निंजावर. निंजा दुसऱ्या फेरीपर्यंत जिवंत राहिला तर तुमच्यातलं कुणीतरी मान गमावतं. जिंकलात की पुढे ट्रेबॉरचा आवाज येतो आणि निळी रिबन मिळते. ती मिळाली की वर या. लगेच दुसऱ्या लिफ्टकडे धावू नका.

रिबननंतर

निळ्या रिबनने चौथ्या मजल्यावरची दुसरी लिफ्ट चालते, ती नवव्यापर्यंत नेते. पाच ते आठ हे मजले वगळले तरी खेळ पूर्ण होतो. नवव्यावरून एक घसरण थेट दहाव्यावर टाकते.

मेजला दर दोन लेव्हलला मंत्रांची नवी पातळी मिळते आणि सातवी पातळी तेराव्या लेव्हलला येते. टिल्टोवेट तिथेच मिळतो, समोरच्या सगळ्या गटांना एकदम जाळणारा, खेळातला सर्वांत मोठा. तो शिकेपर्यंत नवव्यावर लिफ्टजवळच्या लढाया करायच्या आणि दर लढाईनंतर लिफ्टमध्ये परतायचं. अकराव्या लेव्हलचा लाकानिटो आणि नवव्याचा माकानिटो इथे पोटापाण्याचे मंत्र.

लेव्हल खाणाऱ्या शत्रूंपासून मात्र सावध. व्हॅम्पायरचा एक स्पर्श आणि आठवड्याभराची कमाई गेली. त्यांच्या बाबतीत बरोबरीची लढाई खेळायची नाही, पहिल्याच फेरीत मोठा मंत्र टाकायचा.

याच पातळीवर मेज मॅलॉर शिकतो, हव्या त्या ठिकाणी नेणारा. चुकला तर सगळ्यांत जीवघेणा मंत्र हाच. तो किती चौकोन पूर्वेला, किती उत्तरेला, किती वर-खाली असं विचारतो, म्हणजे मोजणी आपल्या जागेपासून करायची. समजा नवव्या मजल्यावर ड्युमॅपिकने 8 पूर्व, 2 उत्तर सांगितलं. जिन्यापाशी यायचं तर 8 पश्चिम, 2 दक्षिण, 8 वर. नऊ वर नाही, आठ, कारण पहिल्या मजल्यावर यायचंय. हा हिशेब कागदावर करा, मोठ्याने वाचा आणि मग टाका. दगडात उतरलात तर अख्खी पार्टी कायमची जाते, प्रेतंसुद्धा मिळत नाहीत. लढाईच्या मध्येही मॅलॉर टाकता येतो, तेव्हा तो कुठेही फेकतो. सगळे मरणारच असतील तेव्हाच तो वापरायचा.

प्रीस्टचा लॉक्टोफेट पार्टीला थेट किल्ल्यात नेतो, पण सामान आणि सोनं मागे राहतं. माणसं वाचतात. मुरामासा तलवार हातात असताना तो टाकायला जीव तुटतो, तरी टाकावा लागला तर टाका.

दहावा मजला

खाली पडल्यावर वेर्डनाचा निरोप वाचायला मिळतो. त्यात 'कॉन्ट्रा-डेक्स्ट्रा' असे शब्द आहेत. लॅटिनमध्ये डेक्स्ट्रा म्हणजे उजवा, कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध. डावीकडे वळलात की किल्ल्यात नेणारा टेलिपोर्टर सापडतो. शेवटी 'ट्रेबॉर सक्स' अशी पुस्ती आहे, दोन मित्रांनी एकमेकांची केलेली थट्टा. पहिल्या वेळी सरळ डावीकडेच जा. मजला पाहिला, एक लढाई केली, घरी आलो, असं दोन-तीनदा करा.

पुढची वाट एकामागून एक खोल्यांची आहे. खोलीत रखवालदार, मग टेलिपोर्टर, मग पुढची खोली. हिशेब असा मांडायचा: वेर्डनाच्या दारापाशी पोचताना टिल्टोवेट किमान तीन हातात हवेत आणि प्रीस्टकडे दोन माडी, जे माणसाला पूर्ण बरं करतात. एका पातळीचे नऊच मंत्र मावतात आणि टिल्टोवेट, मॅलॉर दोन्ही सातव्या पातळीचे, म्हणजे एकाच थैलीतून खर्च होतात. मधल्या खोल्यांत तीनपेक्षा जास्त टिल्टोवेट गेले तर त्या खेपेला वेर्डना विसरा आणि परत या.

त्याच्या दारावर पाटी आहे: कार्यालयाची वेळ सकाळी 9 ते दुपारी 3, भेट ठरवूनच. खाली लिहिलंय, साहेब आत आहेत. इथे थांबून तळ टाका, सगळ्यांना पूर्ण बरं करा, मॅपॉर्फिक चालू आहे ना ते पाहा.

वेर्डना एकटा नसतो, सोबत व्हॅम्पायर लॉर्ड आणि व्हॅम्पायर असतात. तो स्वतः टिल्टोवेट टाकतो, म्हणून मागच्या रांगेचे हिट पॉइंट साठच्या खाली असतील तर आत जाऊ नका. मेजने पहिल्या फेरीपासून टिल्टोवेट सुरू ठेवायचा. वेर्डना मंत्र परतवू शकतो, पण व्हॅम्पायर त्यात संपतात. तिन्ही फायटरनी दुसऱ्या कुणाकडे न बघता फक्त वेर्डनावर वार करायचे. प्रीस्टने दुसऱ्या फेरीत माडी हाताशी ठेवायचा. माझ्या वेळी तिसऱ्या फेरीत तो पडला, तेव्हा मेज मेलेला होता आणि प्रीस्टकडे अकरा हिट पॉइंट होते.

ताईत घेतलं की काम अर्धंच झालेलं असतं. किल्ल्यात पोचेपर्यंत ट्रेबॉरला त्याचं काही नाही. ताईताच्या अंगातच मॅलॉरची शक्ती आहे, मेज जिवंत नसला तरी वाट निघते. पण पुन्हा तोच हिशेब कागदावर, तीच मोठ्याने वाचणी. वर आलात की ट्रेबॉर ताईत घेतो, 250000 एक्सपी आणि 250000 सोन्याची नाणी देतो आणि नावापुढे त्याच्या रक्षकदलाची खूण लागते, '>' अशी.

ती पात्रं पुसू नका. 1982 साली आलेला दुसरा भाग, 'नाइट ऑफ डायमंड्स', मूळ रूपात पहिल्या भागातल्या पात्रांशिवाय सुरूच व्हायचा नाही. तिथे नवं पात्र पहिल्या लेव्हलपासून घडवायची जागा ठेवलेलीच नव्हती.